बाईंनी बेतलेला पूडल

शिवणाच्या बाई माणूस भेटला की आधी त्याच्या खांद्याकडे बघायच्या. तोंडाकडे नंतर. खांद्याची शिवण हवी तिथे बसली आहे का, बाही ओढली जातेय का, कॉलरचं एखादं टोक रुसून वळलंय का, एवढं एका नजरेत उरकलं की मग "काय रे, कसा आहेस?" माझ्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर आल्या, नवरीकडे बघून गोड हसल्या, आणि माझ्या शेरवानीचा खांदा चिमटीत धरून म्हणाल्या, "अर्धा इंच बाहेर आलाय. कुणी शिवली?" मागे रांग खोळंबली होती, फोटोवाला हात हलवत होता. शेरवानी भाड्याची होती, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही दुसऱ्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षं शिवणक्लास चालला. माझी आई तिथे शिकली, बहीण शिकली, अर्ध्या गल्लीतल्या पोरींनी तिथे पहिलं झबलं शिवलं. पुढे तयार कपड्यांची दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर आली, क्लास रोडावला आणि एक दिवस बंदच झाला. 'शिवणाच्या बाई' हे नाव मात्र राहिलं. यजमान लवकर गेलेले, एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन पुण्याला. त्या खोलीत उरलं ते कापड बेतायचं लांबलचक टेबल. त्यावर कुणी भाजीची पिशवी ठेवलेली बाईंना खपत नसे.

त्यांच्या शिकवण्याची दहशत एका शब्दाची होती. "उसव." रागावणं नाही, समजावणं नाही. टीप वाकडी दिसली की चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "उसव." माझ्या बहिणीने एकच परकर इतक्यांदा उसवला की शेवटी त्याला कापडापेक्षा भोकंच जास्त होती. पण आजही ती सासरी पडदे स्वतः शिवते आणि कुणाला हात लावू देत नाही. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या अशाच, थोड्या तुसड्या आणि फार पक्क्या.

अशा बाईंच्या घरात कुत्रा येईल, तोही पूडल, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मागच्या गल्लीतल्या एका बंगल्यात हौसेने आणलेलं ते पिल्लू. पूडलचे केस झडत नाहीत, नुसते वाढत राहतात, आणि वेळच्या वेळी विंचरून कापले नाहीत तर त्यांच्या जटा होऊन कातडी ओढली जाते, हे आणताना कुणी लक्षात घेतलं नव्हतं. कुठल्याशा दुकानात एकदा केस कापायला नेलं, तिथे मशीन कानाला लागलं, तो त्या माणसाला कडकडून चावला. तेव्हापासून मशीनचा घुर्र आवाज आला की दात विचकायचा. मग कापायचं राहूनच गेलं. बंगल्याच्या पायरीवर तो जुन्या पायपुसण्यासारखा पडून असायचा आणि मालक कुणी नेतंय का म्हणून वाट बघत होते.

बाई भाजी आणायला त्याच रस्त्याने जात. एक दिवस फाटकाशी थांबल्या, हात आत घातला, आणि दुकानात ठाण उलगडल्यावर कापडाचा पोत बघावा तसे त्याच्या मानेवरचे केस अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघितले. तो गुरगुरला नाही. बाई मालकिणीला म्हणाल्या, "कापड चांगलं आहे हो. शिवणारा भेटला नाही." आणि भाजी न घेता त्याला घेऊन घरी आल्या. रंगाने फिकट बदामी होता. बाईंनी त्याचं नाव ठेवलं तेही कापडाचंच, पॉपलिन. चार दिवसांत त्याचा पॉप्या झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की मशीनला हा उभा राहणार नाही, दर वेळी भूल देणं बरं नाही, तेव्हा घरी कुणी हाताने, कात्रीने करणार असेल तरच ठेवा. बाईंना तो अपमान वाटला. "घरी कुणी म्हणजे? मी आयुष्यभर काय भाजी चिरली?" डॉक्टर बिचारे निमूटपणे औषध लिहू लागले.

मला बोलावणं आलं ते धरायला. रविवारचा दिवस होता, मी पेपर वाचत पडलो होतो. वर गेलो तर टेबलावर चटई, चटईवर पॉप्या, आणि बाई गळ्यात टेप अडकवून त्याचं माप घेत होत्या. छाती, पाठीची लांबी, गळा. "छाती भरलेली आहे, पण मागं बारीक," त्या गंभीरपणे म्हणाल्या. मग शिवणाचा खडू काढून पायावर खूण करायला गेल्या. कुरळ्या केसांवर खडू कसला लागतोय! तेव्हा रिळातला लाल दोरा काढून चारी पायांना एकाच उंचीवर बांधला. "एक पाय वर नि एक खाली नको. पायजम्याची शिस्त आहे ही." लाल दोऱ्यांतला तो पूडल माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मला त्याच्यापुढे लाज वाटली.

पहिल्याच वेळी जी फजिती झाली ती शिवणाच्या बाईंचीच व्हायची. सुती कापड आधी पाण्यातून काढायचं, आटायचं तेवढं आटू द्यायचं, मग बेतायचं, हा त्यांच्या क्लासचा पहिला धडा. म्हणून त्यांनी जटा बोटांनी सोडवून पॉप्याला आधी अंघोळ घातली. ते बरोबरच होतं. पण जानेवारीचे दिवस, पोर कुडकुडायला लागलं, ड्रायरच्या आवाजाला तो मशीनच समजायचा, तेव्हा बाईंनी टॉवेलने टिपून ओल्यावरच कात्री चालवली. ओले केस लांब लोंबत होते. बाईंनी अगदी मोजून, बोटभर ठेवून, सुरेख कापले. तासाभरात गॅलरीतल्या उन्हात ते वाळले आणि एकेक कुरळा केस गुंडाळी होऊन वर चढला. बोटभराचे नखभर झाले. पॉप्या सोललेल्या शेंगदाण्यासारखा दिसायला लागला. मी हसू दाबत होतो. बाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"बाई, आटला," मी म्हणालो.

"हसू नकोस. आमच्या माहेरी, इगतपुरीला, चार महिने कपडा वाळत नाही. तिथल्या पोरी ओलंच बेतायला शिकतात. त्या सवयीनं घात केला." मग हळूच, "आणि याला उसवता पण येत नाही रे."

त्यांनी त्याच दुपारी जुन्या शालीचा एक तुकडा कापून त्याला अंगभर स्वेटर शिवला. खांदे अचूक होते. पुढच्या वेळेपासून मात्र अंघोळ, मग उन्हात बसून पिनांच्या ब्रशने एकेक बट सरळ ओढत वाळवणं, मग मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक, आणि सगळं कोरडं झाल्यावर कात्री, असा क्रम ठरला. सकाळी सुरू झालं की दुपारचं जेवण लांबायचं. सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "स्वतःचे केस कापायला तुला वर्षात दोनदा वेळ मिळतो." तिला काय सांगणार, वर बसायला मला आवडायला लागलं होतं.

बाई कापताना पॉप्याशी सतत बोलायच्या. प्रत्येक कापाच्या आधी त्याला सांगायचं, हा नियम. "आता डावी बाही. आता गळा. आता गोंडा, हलवू नकोस हं शेपूट, गोंडा वाकडा येतो." पुढचे पाय म्हणजे बाह्या, मागचे म्हणजे सलवार. पंजाच्या बोटांमधले केस भरतकामाच्या छोट्या कात्रीने, श्वास रोखून. डोळ्यांच्या कोपऱ्यात आल्या की बोलणं बंद, कात्रीचं टोक नेहमी बाहेरच्या बाजूला, आणि त्यांचा डावा अंगठा डोळा आणि पातं यांच्या मध्ये. चावायला धावणारा तो कुत्रा तेव्हा डोळे मिटून घ्यायचा. दुसऱ्या कुणी कात्री नुसती हातात घेतली तरी टेबलाखाली.

कुणी पाहुणा म्हणे, पूडलला ते परदेशी पद्धतीचं करा ना, कंबरेला गोळे, पाय उघडे, मान फुगलेली. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कपडा अंगात घातलेला दिसला तर शिंपी चुकला. अंगचाच वाटायला हवा." त्यांचा पॉप्या खरंच तसा दिसायचा. नीटस, गोल तोंडाचा, कात्रीची खूण कुठेही न दिसणारा. कॉलेज रोडला फिरायला नेला की लोक विचारायचे कुठल्या पार्लरमध्ये करता. मी ऐटीत सांगायचो, घरी.

असे काही हिवाळे, काही उन्हाळे गेले. मग एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, बाईंनी पॉप्याच्या डोळ्याजवळ नेलेली कात्री तशीच धरून ठेवली. मी बघितलं तर पात्याचं टोक थरथरत होतं. अगदी बारीक, पण थरथरत होतं. बाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आज उजेड नाही." खिडकीतून येणाऱ्या उन्हाने टेबल तापलं होतं.  पुढच्या वेळी, भर मे महिन्यात, म्हणाल्या थंडी आहे, त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या चष्मा बदलायला हवा. चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा त्यांनी चहा स्टीलच्या पेल्यात, अर्धाच भरून प्यायला सुरुवात केली. बशी नाही, आवाज नाही.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. वैशाली पुण्याहून आली आणि आईला बरोबर घेऊन जाते म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, गॅससमोर उभी राहणारी एकटी बाई आणि असा हात. पण तिच्या घरात सासूबाईंना दमा, कुत्रा तिथे चालणार नव्हता. बाईंचा विंचूरचा मामेभाऊ तेव्हा भेटायला आला होता. तो मोकळ्या मनाने म्हणाला, "आक्का, काहून चिंता करती? मळ्यात लय जागा हाय. कांद्याच्या चाळीपाशी राहील खुशाल." बाईंनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे. पण कुसळं, गोखरू, चिखल, दोन महिन्यांत याच्या जटा होतील, कापणार कोण? पुन्हा तेच पायपुसणं." आणि वैशालीला फोनवर निक्षून सांगितलं, "याची सोय लागल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

मग एका सकाळी मला वर बोलावून त्यांनी माझ्या हातात कात्री आणि वर्तमानपत्र दिलं. "रेघ मारलीय. तिच्यावरून काप." मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, विम्याच्या ऑफिसात बसणारा, पहिलं झबलं शिवायला आलेल्या पोरींसारखा पेपर कापत बसलो. पेपरासाठी वेगळी, बोथट कात्री होती. कपड्याच्या कात्रीने कागद कापणं बाईंच्या घरात पाप. पेपर जमल्यावर लोकरीचे मोठे मोठे गोंडे करून दिले, ते गोल कापायचे. माझे गोंडे लिंबाचे झाले, बटाट्याचे झाले, गोल काही होईनात. मी कुरकुरलो, "बाई, कुणीतरी शिकलेला माणूस बघू ना आपण." त्या म्हणाल्या, "शिकलेला माणूस याला चालत नाही. तू चालशील. तू आधीपासून धरतोस त्याला."

मला वाटलं, ठीक आहे. मी कापायला शिकलो की पॉप्या बाईंकडे राहील, पॉप्या राहिला की बाई इथे राहतील, स्वयंपाकाला एखादी बाई लावता येईल. माझं गणित सरळ होतं. म्हणून मी चिकाटीने शिकलो, आणि खरं सांगतो, आयुष्यात दुसरं काही इतक्या चिकाटीने शिकलो नाही.

पहिल्यांदा पॉप्यावर कात्री धरली तेव्हा त्याने माझ्या बाहीचा लचका तोडला. बाईंनी त्याचं तोंड मांडीत घेतलं. त्यांचा हात त्याच्या हनुवटीखाली सारखा हलत होता, थांबवता येत नव्हता, पण त्याला त्याचं काही वाटत नसावं. "बोल त्याच्याशी," त्या मला म्हणाल्या, "काय कापतोयस ते सांग." मला लाज वाटत होती. "डावी बाही," मी पुटपुटलो. "मोठ्यानं. तो बहिरा नाही, पण तू मुका आहेस." त्या दिवशी एकच पाय झाला. घाईत मी एक बट खोल कापली, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "केसाला उसवणं नाही, मुकुंद. म्हणून कापायच्या आधी थांबायचं. कापल्यावर थांबून काही होत नाही."

काही महिन्यांनी त्या मांडी सोडून शेजारच्या खुर्चीवर बसायला लागल्या. मग खुर्ची दाराशी गेली. म्हणाल्या पाठ दुखते, टेकायला भिंत लागते. मग एकदा मी कापत असताना त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच विचारलं, "गळा झाला?" पॉप्याने कान त्या दिशेला वळवले, पण पाय हलवला नाही. मला फार अभिमान वाटला. माझं, माझ्या हाताचं कौतुक वाटलं. बाईंच्या पाठीची मला काळजी वाटायची, मी त्यांना मलम आणून दिलं.

आणि एक रविवार असा आला की बाई आतल्या खोलीत दार लोटून बसल्या. मी अंघोळीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत सगळं एकट्याने केलं. डोळ्यांचे कोपरेसुद्धा. अंगठा मध्ये धरून, श्वास रोखून. पॉप्याने डोळे मिटून घेतले होते. मी हाक मारली तेव्हा बाई बाहेर आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली, त्याच्या अंगावरून थरथरता हात फिरवला. उजव्या कानामागे थांबल्या. तिथे जरा जास्त राहिलं होतं, मलाही ठाऊक होतं. मग हात पुढे नेला.

"परवा वैशाली येतेय," त्या म्हणाल्या. "मी पुण्याला जाते."

"किती दिवस?"

"आता तिकडंच."

मला क्षणभर कळलंच नाही. "आणि पॉप्या?"

"त्याचं झालं की. तुझ्यासमोर उभा राहिला ना तो? मी खोलीत नसताना? तेवढंच बघायचं होतं."

मी चिडलो. अगदी मनापासून चिडलो. मी म्हणालो, मला विचारायचं नाही का, मी तो इथे राहावा म्हणून, तुम्ही राहावं म्हणून शिकत होतो. बाई खुर्चीत बसल्या. "विचारलं असतं तर 'बघू' म्हणाला असतास. तुला मी लहानपणापासून ओळखते." आणि मग, "सुजाताला विचारलंय. ती हो म्हणाली दिवाळीतच." म्हणजे माझ्याच घरात सगळ्यांना माहीत होतं, कात्री धरणाऱ्याला सोडून. मी तणतणत खाली आलो आणि सुजाताशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. राग तिच्यावर नव्हता, बाईंवरही नव्हता. बाई जाणार, याच्यावर होता.

जायच्या दिवशी वैशालीची गाडी खाली उभी होती. मी पॉप्याला कडेवर घेऊन गेलो. मला धास्ती होती की तो रडेल, अंगावर झेप घेईल, आणि बाईंना निघणं जड होईल. बाई मागच्या सीटवर बसल्या, काचेतून हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. पॉप्याने हात चाटला आणि परत माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. बस्स. ओढसुद्धा घेतली नाही. बाई बघत राहिल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "हेच तर हवं होतं मला." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काच वर करायचं बटण त्यांना दाबता येईना. वैशालीने पुढून दाबलं.

त्याला समजलं ते संध्याकाळी. दार उघडं मिळताच जिना चढून वर गेला आणि बाईंच्या कुलूपबंद दारापुढे बसला. मी उचलून खाली आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर रोज. ओरडत नाही, नखं मारत नाही, दारापुढे नुसता बसतो, आणि अंधार पडला की मी जाऊन घेऊन येतो. आमच्याकडे खातो, खेळतो, सुजाताच्या पायाशी झोपतो, कापायला टेबलावर शहाण्यासारखा उभा राहतो. ती संध्याकाळ तेवढी आमची नाही.

बाई रविवारी फोन करतात. जीभ आता जरा जड झालीय. बाह्या सारख्या आल्या का, कान कोरडे ठेवतोस का, सगळं विचारून होतं. मग शेवटी, सहज आठवल्यासारखं, "माझ्या दाराशी जातो का रे कधी?" मी म्हणायचो, "छे! रमलाय इथं." त्या म्हणायच्या, "बरं झालं." आणि लगेच फोन वैशालीकडे द्यायच्या. मला वाटायचं आपण त्यांच्या जिवाला घोर लावत नाही, हे चांगलंच करतोय. पण त्या 'बरं झालं'नंतर दर वेळी मला जेवण गोड लागायचं नाही.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी नेमका जिन्यात होतो, पॉप्याला आणायला निघालेला. बाह्या झाल्या, कान झाले, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. समोर तो बसला होता, दाराकडे तोंड करून. माझ्याच्याने राहवलं नाही.

"जातो, बाई. रोज जातो. तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून. आत्ताही इथंच बसलाय. मलाच उचलून न्यावं लागतं."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"अरे मेल्या," बाई म्हणाल्या, "मग सांगायला काय झालं होतं तुला इतके दिवस?" आणि जरा दम घेऊन, "फोन लाव त्याच्या कानाला."

मी पायरीवर बसलो आणि लावला.